मामाचं रिव्हॉल्वर

"मराठी विभागाला एक लेख दे," असं आमच्या संपादकबाईंनी (म्हणजे माझ्याच रूम पार्टनरने) सांगितलं तेव्हा मी सरळ नाही म्हटलं. कॉन्व्हेंटमध्ये दहा वर्षं घालवलेल्या मुलीचं मराठी ते काय असणार! मराठीत मी भांडते, जेवते आणि रडते. लिहिते मात्र इंग्रजीत. पण ज्या गोष्टीबद्दल लिहायचं मनात होतं ती सगळी मराठीतच घडली, फोनवर. ती इंग्रजीत लिहायला घेतली आणि दोन परिच्छेदांत कळलं की हे कुणा दुसऱ्याच्याच घरातलं वाटतंय. म्हणून हा प्रयत्न. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पार्टनरने काढल्या आहेत. ज्या राहिल्या त्या माझ्या!

तर मंडळी, सुरुवात रेक्टर मॅडमपासून करते. फेब्रुवारीत आमच्या लेडीज हॉस्टेलला अचानक रूम चेकिंग झालं. मॅडम शोधत होत्या हीटर आणि इंडक्शन. सापडलं काय, तर माझ्या टेबलावर चौदा पानांचे प्रिंटआउट. त्यावर रिव्हॉल्वरची कापून दाखवलेली चित्रं, ठिकठिकाणी लाल पेनने गोल, आणि वर मोठ्या अक्षरात माझ्याच हाताने लिहिलेलं, 'सगळ्यात टिकाऊ कुठलं?'

"हे काय आहे?"

"रिव्हॉल्वर, मॅडम."

"ते दिसतंय. कशासाठी?"

"मामासाठी."

मॅडम कॉटवर बसल्याच. त्यांचा चेहरा बघून माझ्या लक्षात आलं की या उत्तराने परिस्थिती सुधारलेली नाही. मग अर्धा तास मी त्यांना सगळं समजावलं. त्या गडबडीत पार्टनरचा हीटर कपाटात सुखरूप राहिला, हा त्यातला फायदा.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. १९९८ साली अमेरिकेला गेला, आता तिकडचा नागरिक आहे. ह्यूस्टनच्या बाहेर हायवेला लागून पेट्रोल पंप आहे, त्यावर त्याचं दुकान. दूध, ब्रेड, सिगारेट, लॉटरीची तिकिटं. रात्री एकपर्यंत उघडं. यंदा जानेवारीत एका रात्री एक पोरगा आत आला, काउंटरवर पिस्तूल धरलं, मामाने गल्ला उघडून दिला, पोरगा गेला. सगळं मिळून दोन मिनिटं. मामाला खरचटलंसुद्धा नाही. "सहाशे डॉलर गेले, जाऊ दे," असं त्याने आईला सांगितलं आणि आईने देवापुढे नारळ फोडला. विषय संपला, असं आम्हाला वाटलं.

पंधरा दिवसांनी त्याचा मला फोन. "तू मेकॅनिकलची ना? मग एक काम कर. मला रिव्हॉल्वर घ्यायचंय. मॅग्नम. टिकाऊ पाहिजे आणि भरवशाचं पाहिजे. इथे दुकानदार काय, विकायलाच बसलेत. त्यांना काय विचारायचं? तू अभ्यास करून सांग."

खरं सांगते, मला मनातून गुदगुल्या झाल्या. मेकॅनिकलला गेल्यापासून घरच्यांनी मला इंजिनिअर म्हणून विचारलेला एकच प्रश्न म्हणजे 'मिक्सर का गरम होतोय?' आणि इथे साक्षात डिझाइन सिलेक्शनचा प्रॉब्लेम! टर्म वर्क बाजूला पडलं. मी तीन आठवडे रिव्हॉल्वर वाचलं.

आता थोडं टेक्निकल. कंटाळू नका, वायव्हात उपयोग होईल.

पहिला प्रश्न, पिस्तूल सोडून रिव्हॉल्वर का? पिस्तुलात मॅगझिन, स्प्रिंग, पुढेमागे सरकणारी स्लाइड, असा सगळा कारखाना प्रत्येक गोळीला चालावा लागतो. एखादं काडतूस फुसकं निघालं तर ते हाताने काढून टाकावं लागतं. रिव्हॉल्वरमध्ये पुन्हा चाप ओढायचा, सिलिंडर फिरतो, पुढचं काडतूस समोर येतं. वर्षभर ड्रॉवरमध्ये पडून राहिलं तरी कुरकुर नाही. पण उलट बाजूही आहे. सिलिंडरच्या मागे काडतुसं बाहेर ढकलणारी एक चांदणी असते. तिच्याखाली न जळलेल्या दारूचे चार कण जरी अडकले तरी सिलिंडर घासायला लागतो. म्हणजे रिव्हॉल्वर सहसा अडकत नाही, पण अडकलं की जागच्या जागी सुटेल याची खात्री नाही.

दुसरा प्रश्न, मॅग्नम म्हणजे काय? .३५७ मॅग्नम हे काडतूस १९३५ साली स्मिथ अँड वेसन आणि विंचेस्टर या कंपन्यांनी आणलं. त्याआधीचं .३८ स्पेशल घेतलं, त्यात जास्त ताकदीची दारू भरली आणि पितळी केस साधारण साडेतीन मिलिमीटरने लांब केली. लांब का केली? मला वाटलं, दारू मावावी म्हणून. तसं नाही! लांब केली ती मुख्यतः जुन्या, कमकुवत रिव्हॉल्वरमध्ये ते शिरूच नये म्हणून. थ्री-पिन प्लगची जाडी पिन असते ना, तसं. मॅग्नम रिव्हॉल्वरमध्ये .३८ चं काडतूस चालतं, पण .३८ च्या रिव्हॉल्वरमध्ये मॅग्नम जात नाही. चूक करायची म्हटली तरी होऊ नये, अशी सोय. मला हे फार आवडलं.

दाबाचा फरक बघा. .३८ स्पेशलची मर्यादा १७,००० पीएसआय, .३५७ मॅग्नमची ३५,०००. म्हणजे साधारण ११७ मेगापास्कलवरून २४१ मेगापास्कल. आपण लॅबमध्ये जी माइल्ड स्टीलची दांडी ओढून तोडतो तिची यील्ड स्ट्रेंग्थ २५० च्या आसपास असते. हा दाब हाताच्या मुठीत, डोळ्यांपासून दोन फुटांवर, दर गोळीला तयार होतो. तेव्हा 'टिकाऊ' हा शब्द जाहिरातीतला नाही, तो हिशेबातला आहे.

आणि हिशेब चुकला की काय होतं, त्याची एक खरी गोष्ट आहे. १९५५ साली स्मिथ अँड वेसनने मध्यम आकाराच्या फ्रेमवर मॅग्नम रिव्हॉल्वर काढलं. पुढे त्याला मॉडेल १९ हा नंबर मिळाला. ती फ्रेम मुळात .३८ साठीची. त्याआधीची मॅग्नम मोठी, जड होती. हे साधारण किलोभराचं, दिवसभर कमरेला लावता येईल असं. तिकडच्या पोलिसांनी ते डोक्यावर घेतलं. त्या काळची पद्धत अशी, की सराव .३८ ने करायचा आणि ड्यूटीवर मॅग्नम भरायचं. म्हणजे रिव्हॉल्वरच्या आयुष्यात मॅग्नमच्या गोळ्या मोजक्याच. मग १९७० च्या दशकात विचार बदलला, जे ड्यूटीवर वापरता त्यानेच सराव करा. शिवाय १२५ ग्रेनची, म्हणजे सुमारे ८ ग्रॅमची, हलकी आणि फार वेगवान गोळी आली. आणि नळ्या तडकायला लागल्या.

कुठे तडकायच्या? नळीचं मागचं तोंड नरसाळ्यासारखं असतं, त्याला फोर्सिंग कोन म्हणतात. सिलिंडरमधून सुटलेली गोळी तिथून नळीत शिरते. मॉडेल १९ मध्ये जागा कमी पडली म्हणून या तोंडाची खालची कड सपाट तासलेली होती. भिंत पातळ, त्यात तापलेला वायू आणि दारूचे जळते कण. तडा बरोबर तिथेच, घड्याळातल्या सहाच्या जागी.

यात चूक कोणाची? स्टीलची नाही. डिझाइनरची तरी कशी म्हणणार? एका वापरासाठी बनवलेली वस्तू, वापर बदलला आणि वस्तू तीच राहिली. मी हे वाक्य वहीत चौकट करून लिहिलं होतं. ते माझ्यावरच उलटणार आहे हे तेव्हा माहीत नव्हतं.

पुढे १९८० च्या सुमारास त्याच कंपनीने थोडी मोठी फ्रेम काढली, ५८६ आणि स्टेनलेस स्टीलचं ६८६. फोर्सिंग कोनच्या भोवती भरपूर धातू, खालची कड तासायची गरजच नाही. दुसरीकडे रुगर कंपनी. त्यांनी १९७२ च्या सुमारास सिक्युरिटी-सिक्स आणलं आणि १९८५ मध्ये जीपी१००. यांची फ्रेम फोर्ज केलेली नसते, इन्व्हेस्टमेंट कास्टिंगची असते. म्हणजे मेणाचा नमुना, त्यावर सिरॅमिकचं कवच, मेण वितळवून काढायचं आणि पोलाद ओतायचं. आपल्याकडे पितळेच्या मूर्ती करतात तीच मूळ कल्पना. "कास्टिंग म्हणजे ठिसूळ" असं मी आधी म्हणत होते. पण त्यांनी जाडी वाढवली, बाजूला स्क्रूने लावायची पत्रा-प्लेट ठेवलीच नाही, त्यामुळे फ्रेम दोन्हीकडून अखंड. सिलिंडर अडकवण्यासाठी जे खाचे असतात ते चेंबरच्या बरोब्बर डोक्यावर न घेता थोडे बाजूला घेतले, म्हणजे सगळ्यात पातळ भिंतीवर खाच नाही. स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशनचा धडा पुस्तकात वाचण्यापेक्षा असा वाचला असता तर मला सेमिस्टरला बरे मार्क पडले असते!

कोल्टचं पायथन १९५५ चं. दिसायला सगळ्यात देखणं. चाप ओढताना इतकं गुळगुळीत की लोक अजून नाव काढतात. पण त्याच्या जुन्या यंत्रणेची जुळणी नाजूक. झिजली की तो जुना कारागीर शोधत फिरा. २०२० मध्ये ते आतून बदलून पुन्हा आलं. आणि शेवटी हलकी रिव्हॉल्वर्स, मॅग्नम असूनही वजन ३४० ग्रॅमच्या आसपास. खिशात मावतात. इथे फर्स्ट इयरचं फिजिक्स काढा. ८.१ ग्रॅमची गोळी ४४० मीटर प्रति सेकंदाने सुटली तर जीपी१०० सारखं ११०० ग्रॅमचं रिव्हॉल्वर साधारण सव्वातीन मीटर प्रति सेकंदाने मागे येतं. ३४० ग्रॅमचं? साडेदहा मीटरने. (वायूचा धक्का धरलेलाच नाही. छोट्या नळीत वेग जरा कमी मिळतो, तरी मुद्दा तोच.) ते मनगट पाच गोळ्यांत सांगतं, बस!

एक सोय मात्र मला सगळ्यात जास्त आवडली, ट्रान्सफर बार. जुन्या रिव्हॉल्वरमध्ये घोडा थेट पिनवर टेकायचा. हातातून पडलं तर गोळी सुटायची भीती. आता घोडा आणि पिन यांच्यामध्ये एक छोटी पट्टी असते. चाप शेवटपर्यंत ओढलेला असेल तरच ती वर येते आणि घोड्याचा ठोका पिनपर्यंत पोचवते. नाहीतर घोडा कितीही आपटला तरी पिनला स्पर्श नाही. मध्ये कोणीतरी पाहिजे, एवढीच कल्पना.

मी तक्ता केला. मजबुती, झीज, दुरुस्ती, वजन, किंमत. प्रत्येकाला वेटेज. जीपी१०० पहिलं, ६८६ अर्ध्या मार्काने दुसरं. सोबत वापरलेलं घ्यायचं झालं तर काय तपासायचं याची यादी. आधी उघडून सहाही घरं रिकामी आहेत का ते दोनदा बघायचं. मग सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट फीलर गेजने मोजायची, सहा हजारांश इंच म्हणजे ०.१५ मिलिमीटर असेल तर छान, दहाच्या पुढे गेली तर विचार करावा. सिलिंडर पुढेमागे हलतो का, घोडा अगदी हळू मागे ओढला तर सिलिंडर जागेवर लॉक होतो का, टॉर्च लावून फोर्सिंग कोनला तडा आहे का. सगळं पीडीएफ करून मामाला पाठवलं. त्याचं उत्तर आलं, "शाब्बास! शनिवारी दुकानात जातो." तिकडे प्रतीक्षेचा कायदा नाही. फॉर्म भरायचा, नोंदी तपासल्या जातात, सगळं ठीक असेल तर वस्तू त्याच दिवशी हातात.

हे झालं बुधवारी.

गुरुवारी दुपारी आमच्या सरांनी एफएमईए शिकवलं. फेल्युअर मोड अँड इफेक्ट ॲनालिसिस. फळ्यावर रकाने काढले. भाग कुठला, तो बिघडेल कसा, परिणाम काय, किती गंभीर, किती वेळा, आधी लक्षात येईल का. सर म्हणाले, "बिघाड दोन प्रकारचा. चालायला हवं तेव्हा चाललं नाही, हा एक. चालायला नको तेव्हा चाललं, हा दुसरा. एअरबॅग अपघातात उघडली नाही, आणि एअरबॅग रस्त्यावर उगाच उघडली. तुम्ही लोक दुसरा लिहायला नेहमी विसरता." मी हे जसंच्या तसं उतरवून घेतलं आणि मेसला गेले.

रात्री साडेअकराला मामीचा फोन. तिकडे दुपारचे बारा. ती दुकानाच्या मागच्या खोलीत होती, हळू आवाजात बोलत होती.

"अगं, तू पाठवलेलं बघितलं मी. छान केलंयस. एक विचारू का?"

"विचार की."

"तो पोरगा आला होता ना, त्या दिवसापासून हा झोपत नाही. रात्री तीनला उठून हॉलमध्ये अंधारात बसतो. जेवण तसंच ठेवतो. कोणाशी बोलत नाही. परवा म्हणाला, त्याने घोडा दाबला असता तर बरं झालं असतं, सुटलो असतो. मी म्हटलं, काहीतरीच काय बोलतोस, आणि हसले. मग आत जाऊन रडले." जरा थांबली. "तुझ्या त्या तक्त्यात हे कुठे बसतं गं?"

मला उत्तर आलं नाही. मी वही उघडली. सरांचं वाक्य दुपारच्याच पानावर होतं, शाई वाळलेली. मी तीन आठवडे फक्त पहिला बिघाड शोधला होता. चाप ओढला आणि गोळी सुटली नाही तर? फोर्सिंग कोन तडकला तर? सिलिंडर अडकला तर? चाप ओढला आणि गोळी बिनचूक सुटली तर काय, हा रकाना माझ्या तक्त्यात नव्हताच. माझं पहिल्या नंबरचं रिव्हॉल्वर पहाटे तीन वाजता, अंधाऱ्या हॉलमध्ये, अगदी भरवशाने चाललं असतं. शंभर टक्के.

त्या रात्री मी पुन्हा शोधायला बसले, यावेळी वेगळं. अमेरिकेत बंदुकीने जे मृत्यू होतात त्यातले निम्म्याहून जास्त आत्महत्यांचे असतात. २०२० पासून तिकडे १ ते १९ वयाच्या मुलांच्या मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण बंदूक आहे, आणि त्या घरात माझा पंधरा वर्षांचा मामेभाऊ राहतो. जे लोक बंदुकीने जीव द्यायला जातात त्यातले दहापैकी साधारण नऊ वाचत नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ती वेळ पुष्कळदा थोडी असते. ती टळली, कोणी सोबत असलं, तर बहुतेक माणसं पुढे जगतात. हे काही लपवून ठेवलेलं ज्ञान नव्हतं. मीच ते शोधलं नव्हतं, कारण मी 'रिव्हॉल्वर कसं बिघडतं' हे शोधत होते. 'मामा कसा आहे' हे शोधत नव्हते.

वापर बदलला आणि वस्तू तीच राहिली. चौकटीतलं वाक्य!

शुक्रवारी संध्याकाळी मी लेक्चर संपल्या संपल्या फोन लावला. तिकडे पहाट, मामा दुकान उघडत होता. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग मी विचारलं, "मामा, तू बरा आहेस ना?"

"हो गं. मला काय झालंय?"

"मामा, तुला जगू नये असं वाटतं का कधी?"

हे वाक्य मी आयुष्यात मराठीत बोलले नव्हते. इंग्रजीत ते एखाद्या फॉर्मवरच्या प्रश्नासारखं निघालं असतं, टिकमार्क करून पुढे गेलो असतो दोघंही. मराठीत ते जड निघालं. तोंडातून बाहेर पडताना मलाच भीती वाटली की विचारून मी त्याच्या डोक्यात काहीतरी भरवते आहे. (नंतर वाचलं, विचारल्याने कोणाच्या डोक्यात ते जात नाही. उलट मोकळं व्हायला वाट मिळते.)

मामा गप्प. मग दुकानाच्या दाराची घंटी वाजली. "गिऱ्हाईक आलंय, थांब," म्हणाला आणि फोन काउंटरवर ठेवला. मी चार मिनिटं ऐकत राहिले. कॉफी, लॉटरीचं तिकीट, सुटे पैसे, "थँक यू सर, हॅव अ गुड वन." अगदी हसतमुख आवाज. दार लागलं. फोन उचलल्याचा आवाज आला.

"वाटतं," मामा म्हणाला.

मी काय काय बोलले ते नीट आठवत नाही. एवढं आठवतं की मी आजोबांच्या बंदुकीचा विषय काढला.

आमचं आजोळ सावंतवाडीजवळ. आजोबांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती, रानडुकरांसाठी. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, मग परत आणायची. बंदूक माडीवर खुंटीला. दारूचा डबा खाली कोठीत. आणि केपा, म्हणजे ज्यांच्याशिवाय ठासणीची बंदूक उडतच नाही त्या छोट्या टोप्या, आजीच्या डबीत. डबी कपाटात, कपाटाची किल्ली आजीच्या कमरेला. एकदा बांधावरून भावकीत मोठं भांडण झालं. आजोबा लालबुंद होऊन घरात आले, माडीवरून बंदूक काढली आणि आजीला म्हणाले, "केपा दे." आजी चुलीपुढून उठलीच नाही. म्हणाली, "आधी जेवा. मग देते." आजोबा जेवले. जेवून झोपले. उठले तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि बंदूक पुन्हा खुंटीला होती.

आमच्याकडे ही गोष्ट गणपतीत सगळे जमले की हसायला म्हणून सांगतात. मामा तेव्हा आठ वर्षांचा, स्वतः बघितलेली. मी त्याला म्हटलं, "मामा, त्या बंदुकीत ट्रान्सफर बार नव्हता. आजी होती."

तो हसला. महिन्याभरात पहिल्यांदा हसला असेल. म्हणाला, "म्हणजे तुझ्या पीडीएफचा निष्कर्ष असा, की मला रिव्हॉल्वर नको, आई पाहिजे." आणि मग त्याचा आवाज फुटला. आजीला जाऊन सहा वर्षं झाली. तो तेव्हा येऊ शकला नव्हता.

शनिवारी तो दुकानात गेला नाही. त्याने स्वतः मामीला सगळं सांगितलं. तिकडे ९८८ हा नंबर आहे, त्यावर मामीने फोन केला. त्यांनी डॉक्टर कसा गाठायचा ते सांगितलं. आता तो दर पंधरवड्याला जातो, गोळ्या चालू आहेत (यातल्या गोळ्या वेगळ्या!). दुकान रात्री दहाला बंद होतं. काउंटरला जाड काच बसवली. गल्ल्यात थोडेच पैसे ठेवतो, बाकीचे अशा तिजोरीत टाकतो जी त्यालाही लगेच उघडता येत नाही, आणि तशी पाटी दारावर लावली आहे. आमच्या सरांना मी नाव न सांगता हे उदाहरण सांगितलं. सर म्हणाले, "बरोबर. भाग मजबूत करण्याआधी सिस्टिम बघायची." मार्क मात्र दिले नाहीत.

मी काही बंदुकीच्या विरोधात भाषण करायला बसलेली नाही. जीपी१०० हे उत्तम मशीन आहे, यावर मी अजून ठाम आहे. ज्या शांतपणे कोणी तो फोर्सिंग कोन जाड केला, तो खाचा थोडा बाजूला सरकवला, त्या माणसांबद्दल मला आदर आहे. त्यांनी त्यांचं काम केलं. मी माझं अर्धंच केलं होतं. 'भरवशाचं कुठलं' असं कोणी विचारलं की वस्तूकडे बघण्याआधी विचारणाऱ्याकडे एकदा नीट बघावं, इतकंच मला कळलं. आपल्या हॉस्टेलमध्ये बंदुका नाहीत, पण रात्री तीनला अंधारात बसणारे आहेत. बॅकलॉगवाले आहेत, घरून फोन आला की गॅलरीत लांब जाणारे आहेत. शेजारच्या रूममधला जेवायला येत नसेल तर दार वाजवून विचारा. विचारायला जीभ उचलत नसेल तर आपल्याकडे सरकारचा टेली-मानसचा नंबर आहे, १४४१६, तिथे मराठीतही बोलता येतं.

मामाचं मत पूर्ण बदललेलं नाही. "हे टेक्सास आहे बाई," असं म्हणतो. ठरलंय असं, की डॉक्टर आणि मामी, दोघंही हो म्हणेपर्यंत खरेदी नाही, आणि पुढे कधी घेतलीच तर तिजोरीची किल्ली मामीकडे. परवा रविवारी व्हिडिओ कॉल झाला. समोर ताट होतं, आमटी-भात, मामी मागे पोळ्या करत होती. ताटाला हात न लावता मला चिडवायला म्हणाला, "काय इंजिनिअर, मग फायनल काय? जीपी१०० की ६८६?"

मी म्हटलं, "जीपी. पण आधी जेव."